आजोबांच्या गोष्टीतली प्रश्नचिन्हं

१

असं समजा, बाळांनो, की तुमच्या आजोबांचं बोलणं एके दिवशी बंद पडलं आहे. आजोबा समोर आहेत, तुमच्याकडे बघताहेत, तुमचं सगळं त्यांना कळतंय, पण तोंडातून शब्द म्हणून येत नाही. आणि असंही समजा, की त्यांचे शब्द जगात एकाच ठिकाणी शिल्लक आहेत. तुम्ही रोज तिथं जाता, एक गोष्ट काढता, त्यांना वाचून दाखवता. मग एका सकाळी तुम्ही तिथं गेलात आणि शब्द नाहीतच. आधी काय कराल? ओरडाल, रडाल, की कुणाला तरी पकडायला धावाल?

टिचकीनं तिन्ही केलं, आणि याच क्रमानं.

टिचकी नऊ वर्षांची. विचार करताना बोटांनी टिचक्या वाजवते म्हणून हे नाव. तिच्या आईचे वडील, म्हणजे आजोबा, जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. दुकान बंद केल्यावर त्यांनी गोष्टी लिहायला घेतल्या. कागदावर नाही. गावातल्या ग्रंथालयानं एक वेबसाइट काढली होती, 'गोष्टींची खिडकी'. कुणीही यावं, आपल्या भाषेत गोष्ट लिहावी. आजोबा तिथंच बसून एका बोटानं टाइप करायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "आज फार म्हणजे फारच छान जमली!" हा त्यांचा लाडका शब्द. चहा गरम असला तरी तो फार म्हणजे फारच गरम असायचा.

मग त्यांना झटका आला. हात थोडा सुधारला, बोलणं नाही. बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, "त्यांचे स्वतःचे शब्द त्यांना रोज ऐकवा. अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांची वाट लवकर सापडते. पण आत्ताच करा. हे पहिले काही महिने गेले, की वाट बुजते."

म्हणून टिचकी शाळेतून आली की आईच्या टॅबवर खिडकी उघडायची आणि वाचायची. कालच दुपारी तिनं 'आळशी घड्याळ' वाचली, तेव्हा आजोबांचे ओठ किंचित हलले होते. तिनं ते आईला दोनदा सांगितलं आणि आईनं दोन्ही वेळा ऐकलं.

आज शाळेला सुट्टी. तिनं सकाळीच टॅब उघडला. वर नाव होतं, 'आळशी घड्याळ'. अगदी स्वच्छ. आणि त्याच्या खाली:

?? ?????? ????. ?? ??? ?????? ???? ???? ????.

पानाच्या शेवटापर्यंत हेच. तिनं दुसरी गोष्ट उघडली, तिसरी उघडली. नावं जागेवर. खाली नुसती प्रश्नचिन्हं.

पलंगावरून आजोबा तिच्याकडे बघत होते. गोष्टीची वाट बघत होते.

२

"मावशीला बोलाव," टिचकी रडत म्हणाली. "तिचं कामच आहे ना हे!"

कामच होतं. मावशी म्हणजे आजोबांची धाकटी मुलगी. लोकांच्या बिघडलेल्या वेबसाइट दुरुस्त करणं हा तिचा धंदा. ती आली, बूट न काढताच टॅबसमोर बसली, आणि नुसत्या एकामागून एक गोष्टी उघडून बघत राहिली. टिचकीला ते आवडलं नाही. डॉक्टर गप्प झाले की कसं वाटतं, तसं वाटलं.

"ताई," मावशीनं आईला विचारलं, "हे असंच दिसत होतं? आधी काही वेगळं दिसलं होतं का?"

आई घुटमळली. "काल सकाळी मी सहज उघडलं होतं. तेव्हा प्रश्नचिन्हं नव्हती. काहीतरी भलतंच होतं. इंग्रजी ए, त्याच्यावर तिरप्या रेघा, मध्येच पैशाची खूण, मध्येच अपूर्णांक. मुंग्या सांडल्यासारखं. पोरीला उगाच काळजी नको म्हणून बोलले नाही."

मावशी ताडकन सरळ बसली. "मुंग्या होत्या? नक्की?"

"नक्की."

"मग काल सकाळपर्यंत बाबांचे शब्द शाबूत होते."

"मुंग्या म्हणजे शाबूत?" टिचकी चिडली. "मावशी, तुला बरं आहे ना?"

"ऐक. ग्रंथालयात शिरताना दप्तर कुठं ठेवतेस?"

"काउंटरवर. बिल्ला देतात नंबरचा."

"कॉम्प्युटरला अक्षरं कळतच नाहीत. तो फक्त बिल्ले ठेवतो. क चा एक नंबर, काना असेल तर त्याचा वेगळा, मात्रेचा वेगळा. गोष्ट म्हणजे बिल्ल्यांची लांब माळ. आपण वाचायला बसलो की काउंटरवरचा माणूस नंबर बघतो आणि त्या त्या खणातलं अक्षर काढून देतो. आता तो चुकीच्या कपाटापाशी गेला तर?"

"दुसऱ्याचंच दप्तर देईल."

"तेच मुंग्या. दप्तर चुकलं, पण बिल्ला तुझ्या हातात आहे. त्याला योग्य कपाट दाखवलं की तुझं दप्तर परत. पण हे..." तिनं प्रश्नचिन्हांवर बोट ठेवलं. "एखाद्या माणसाकडे कपाटच छोटं आहे. तुझ्या नंबरचा खणच नाही. मग तो तुझा बिल्ला घेतो, फेकून देतो, आणि हातात कोरी चिठ्ठी देतो. तुलाही तीच, मलाही तीच. संध्याकाळी सगळे कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन उभे. कुणाचं दप्तर कुठलं?"

टिचकीच्या बोटांची टिचकी वाजली नाही. "म्हणजे ते परत येणार नाही?"

"खिडकीतलं तरी नाही. दुसरीकडे कुठं जुने बिल्ले पडले असतील तर बघू." मावशी उठली. "पण एक सांगते. हे आपोआप होत नाही. कालपासून आजपर्यंत कुणीतरी बाबांची प्रत्येक गोष्ट हातात घेतली आहे, आणि परत ठेवली आहे."

३

ग्रंथालयाची कॉम्प्युटर यंत्रं सांभाळणारा माणूस स्वतःला हमाल म्हणवून घ्यायचा. "मी पेट्या उचलतो, आत काय ते बघत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तळमजल्यावर पंख्यांच्या घरघरीत तो एका उघड्या यंत्रात मान घालून बसला होता.

"परवा ग्रंथालयात नवं यंत्र आलं, असं ऐकलं. खिडकी जुन्यावरून त्याच्यावर कुणी आणली?" मावशीनं विचारलं.

"हमालानं."

"आणि मुंग्या कुणी पाडल्या?"

त्यानं मान बाहेर काढली. टिचकीकडे बघितलं, मग मावशीकडे. "हमालानंच. नव्या यंत्राला कुठलं कपाट वापरायचं ते सांगायचं राहिलं. एक ओळ विसरलो. पण काल दुपारच्या आत लक्षात आलं आणि ती ओळ घातली. सगळं जागेवर आलं होतं."

"सगळं?"

"सगळं. शपथ घेऊ?"

"शपथा सगळेच घेतात," मावशी म्हणाली. तिचा आवाज जरा वर गेला होता. "दुरुस्त करायला गेलात आणि पुसून बसलात, असं नाही ना झालं?"

"मावशी," टिचकी हळूच म्हणाली, "ते खरं बोलतायत."

दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"काल शाळेतून आल्यावर मी 'आळशी घड्याळ' वाचली. पूर्ण. आजोबांचे ओठ हलले, मी आईला सांगितलं होतं. तेव्हा एकसुद्धा प्रश्नचिन्ह नव्हतं."

पाहिलंत, बाळांनो? तिनं ही गोष्ट सकाळपासून खिशात ठेवली होती, पण ती पुरावा आहे हे तिला आत्ता कळलं. सकाळी मुंग्या, दुपारी सगळं ठीक, आणि दुसऱ्या सकाळी प्रश्नचिन्हं. मुंग्या हमालाच्या. प्रश्नचिन्हं दुसऱ्याच कुणाची.

मावशी खाली बसली. "माफ करा," ती हमालाला म्हणाली. "दुरुस्त झालं हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही. बिघडलं की सगळा गाव सांगायला येतो. दुरुस्त झालेलं कोण कुणाला सांगतं?"

"रात्री सगळ्या गोष्टींची एक प्रत निघते ना?"

"रोज. नवी आली की आधीची पुसली जाते. जागा कमी." हमालाचा चेहरा उतरला, कारण पुढचा प्रश्न त्याला दिसला होता. "काल रात्रीची प्रत बघू का?"

बघितली. प्रश्नचिन्हं.

"आणि जुनं यंत्र?"

समोरच्या उघड्या यंत्राकडे त्यानं बघितलं. ते जुनंच होतं. आज सकाळीच त्यानं ते आतून पुसून, कोरं करून ठेवलं होतं.

४

वरच्या वाचनकक्षात शिंपीणकाकू बसल्या होत्या. त्यांची मायबोली वेगळी होती. तिच्यातली बरीच अक्षरं इंग्रजीसारखी, पण काहींच्या डोक्यावर टोपी, काहींना शेपटी. खिडकीत त्यांच्याही गोष्टी होत्या आणि आजोबांशी त्यांची जुनी चुरस होती.

मावशीनं जाता जाता काकूंच्या गोष्टी उघडून बघितल्या. एकही अक्षर हललं नव्हतं. टोप्या जागेवर, शेपट्या जागेवर.

"बघितलंस?" टिचकी कुजबुजली. "सगळ्यांच्या गेल्या, हिच्याच राहिल्या!"

"सगळ्यांच्या?"

टिचकीनं एकेक उघडून बघितलं. आणखी दोन भाषांतल्या गोष्टी होत्या, वेगळ्याच वळणाच्या अक्षरांच्या. त्यांचीही प्रश्नचिन्हं झाली होती. इंग्रजी आणि काकूंची टोपीवाली, एवढीच शाबूत होती.

"काय गं, काय कुजबुज चाललीय?" काकूंनी सुई थांबवून विचारलं. ग्रंथालयातही त्यांच्या मांडीवर काहीतरी उसवलेलं असायचं. "तुझा आजोबा कसा आहे?"

"तुम्हाला काय करायचंय?" टिचकी फटकन बोलली. "तुम्हाला बरंच झालं. आता तुमच्याच गोष्टी पहिल्या."

"टिचके!" मावशी.

काकूंना आधी काही कळलं नाही. मावशीनं सांगितलं तेव्हा त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली. "माझ्या गोष्टी पहिल्याच असतात गं. खिडकीत सगळ्यात वर. तुझा आजोबा त्यावरून माझ्याशी भांडायचा. म्हणायचा, वर चढून बसलीस तरी लोक खाली येऊन माझीच वाचतात." त्यांनी मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं. "आता कुणाशी भांडू मी? आणि मला तर ते यंत्र सुरूसुद्धा करता येत नाही. मी बोलते, ग्रंथपालबाई टाइप करतात."

टिचकी खाली बघत राहिली. "चुकलं माझं, काकू."

"असू दे. शोधते आहेस ना? मग शोध."

मावशी मात्र खिडकीकडे बघत हळू आवाजात स्वतःशीच बोलत होती. "छोटं कपाट. ज्यात इंग्रजीचे खण आहेत, टोपीवाल्यांचे आहेत, आणि बाकी कुणाचेच नाहीत. गोष्टी त्या कपाटातून गेल्या. हमालाकडची दोन्ही यंत्रं मोठ्या कपाटांची. काकूंकडे यंत्रच नाही. असलं जुनं कपाट आता कुणाकडे असेल?"

आणि तेव्हा टिचकी वाजली. खणखणीत. दोन-तीन वाचकांनी वळून बघितलं.

टिचकीनं खिशातून ग्रंथालयाचं कार्ड काढलं. त्यावर तिचा फोटो होता, आणि शाळेतल्या नावाच्या जागी चार प्रश्नचिन्हं.

५

ते कार्ड मिळालं तेव्हा टिचकी खूश झाली होती. मैत्रिणींना दाखवत फिरली होती, माझं नाव गुप्त आहे म्हणून. आणि ग्रंथपालबाई म्हणाल्या होत्या, "माझ्या टेबलावरच्या यंत्राला तुझं नाव येत नाही गं. जुनं आहे ते. फोटो आहे ना, चालेल."

ग्रंथपालबाई आताही त्याच टेबलापाशी होत्या. एका पुस्तकाचा निसटलेला पुठ्ठा त्या डिंकानं चिकटवत होत्या. त्यांचा नियमच होता, फाटकं पुस्तक फडताळात ठेवायचं नाही. वाचकाच्या हाती पडण्याआधी आपणच सांधायचं.

टिचकीनं कार्ड टेबलावर ठेवलं. सकाळपासून तिला कुणालातरी पकडायचं होतं, आणि आता पकडायची वेळ आली तर समोर ह्या होत्या. तिला पहिलं पुस्तक देणाऱ्या.

मावशीनंच विचारलं. "बाई, काल सकाळी तुम्ही खिडकीत मुंग्या बघितल्या का?"

"बघितल्या तर! काळजाचं पाणी झालं. म्हटलं, लोक वाचायला येतील आणि हे बघतील?" बाईंचा हात पुठ्ठ्यावरच होता. "पण मी केलं नीट. जुनं यंत्र अजून चालू होतं, त्यावर गोष्टी चांगल्या होत्या. एकेक इकडे माझ्या यंत्रावर आणली, जपून ठेवली. दिवस गेला त्यात. संध्याकाळी सगळ्या खिडकीत परत टाकल्या. बघितलं, छान दिसत होतं. मग हमालाला म्हटलं, आता जुनं न्यायला हरकत नाही."

"कुठली गोष्ट बघितलीत?"

"वरची. पहिली."

"काकूंची."

"हो. एकेक टोपी जागेवर होती. आणि सगळ्या गोष्टींची नावंही नीट दिसत होती."

"नावं वेगळी साठवलेली असतात, बाई. त्यांना तुमचा हात लागला नाही," मावशी अगदी हळू म्हणाली. "तुमच्या यंत्रावर बाबांच्या गोष्टी जपून ठेवताना त्यानं काही विचारलं होतं का? एखादी चौकट आली होती?"

"चौकटी तर दिवसभर येतात. शाई संपली, तारीख चुकली. काहीतरी होतं, काही अक्षरं ठेवता येणार नाहीत, तरी पुढे जायचं का, असं काहीसं. मी 'हो' म्हणते. 'हो' म्हटल्याशिवाय ते यंत्र पुढेच जात नाही."

मग बाईंची नजर कार्डावरच्या चार प्रश्नचिन्हांवर गेली.

कुणी काही समजावून सांगितलं नाही. त्यांनीच टेबलावरचं यंत्र उघडलं, आजोबांची गोष्ट उघडली आणि बघितली. मग पुठ्ठ्याचा डिंक ओला होता तो तसाच ठेवून त्या दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या.

"दुपारीच हमालानं सगळं दुरुस्त केलं होतं," टिचकी म्हणाली. तिला रागानं म्हणायचं होतं, पण तसं झालं नाही.

"मला कुणी सांगितलं नाही गं," बाई म्हणाल्या. "सांगितलं असतं तर मी हातच लावला नसता."

सांगा आता, बाळांनो, चोर सापडला का? टिचकीला हवा होता तसला तर सापडला नाही. एकजण एक ओळ विसरला. एकीनं प्रेमापोटी, दुरुस्त झालेलं परत दुरुस्त केलं. दोघंही एकाच इमारतीत होते, एक वर, एक खाली, आणि मध्ये एक जिना होता.

६

घरी येताना मावशीनं टिचकीचा हात धरला होता, पण धरून कोण कुणाला आणत होतं ते सांगणं कठीण होतं.

"लोकांच्या साइट मी दुरुस्त करते," मावशी म्हणाली. "परक्यांची दुकानं, परक्यांच्या शाळा. सगळ्यांना सांगते, मुंग्या दिसल्या तर घाबरू नका, काही जपून ठेवू नका, आधी मला फोन करा. आणि माझ्या बाबांच्या गोष्टींची एक प्रत मी काढली नाही. उद्या काढू, उद्या काढू." टिचकीनं मोठ्या माणसाला रस्त्यात रडताना पहिल्यांदा बघितलं. काय करायचं असतं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं हात सोडला नाही, एवढंच.

घरी आईनं दार उघडलं आणि दोघींचे चेहरे बघून ती बाजूला झाली.

आजोबा उशीला टेकून बसले होते. टॅब पलंगाच्या कडेला तसाच पडला होता. टिचकी त्यांच्याजवळ चढून बसली. ते तिच्याकडे बघत होते, मग टॅबकडे, मग परत तिच्याकडे. गोष्ट राहिली आहे, असं.

तिनं टॅब उघडला. प्रश्नचिन्हं. कोऱ्या चिठ्ठ्या. सगळ्या सारख्या.

सगळ्या सारख्या हे खरं, पण...

"मावशी," ती म्हणाली, "मध्ये मोकळ्या जागा आहेत."

"असणारच. मोकळ्या जागेचा खण प्रत्येक कपाटात असतो. टिंबाचाही."

"आणि एका बिल्ल्याला एकच चिठ्ठी?"

"एकच."

"मात्रेला वेगळी? कान्यालाही?"

"हो. पण टिचके, त्यावरून शब्द कळत नाही. दोन चिन्हांचे हजार शब्द असतात."

"मला कुठं हजार हवेत?"

तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. दोन, सहा, चार, टिंब. ही गोष्ट तिनं इतक्यांदा वाचली होती. ती आजोबांकडे वळली. "एक घड्याळ होतं." बोटांवर मोजलं. एकचे दोन. घड्याळचे, पाय मोडल्याची खूण धरून, सहा. होतंचे, अनुस्वारासकट, चार. बसलं. किल्ली बसावी तसं बसलं.

मावशी जागची उठून जवळ आली.

"ते फार आळशी होतं," टिचकी पुढे म्हणाली, आणि अडली. दोन, तीन, बरोबर. शेवटचे दोन शब्द, चार आणि चार, तेही बरोबर. पण मध्ये दोन शब्द उरत होते. एक सहाचा, एक चारचा. तिला ते आठवत नव्हते. तिनं डोळे मिटून बघितलं, टिचकी वाजवून बघितलं. बाकीच्या गोष्टीही अशाच असणार, अर्ध्या आठवणाऱ्या. आणि ज्या तिनं एकदाच वाचल्या होत्या, त्यांचं काय? त्या काही यायच्या नाहीत, हे तिला त्याच क्षणी कळलं.

"आजोबा, ते किती आळशी होतं?"

आजोबांचा बरा हात पांघरुणावर उचलला गेला. भुवया वर चढल्या. चहा गरम असला की चढायच्या तशा.

"फार म्हणजे..." टिचकी म्हणाली. सहाचा शब्द बसला.

चारचा कुठला, हे आता खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. आईनं तोंड उघडलं होतं. टिचकीनं हात वर करून तिला थांबवलं आणि टॅब आजोबांच्या मांडीवर ठेवला.

आजोबांचे ओठ एकमेकांवर आले. दाबले गेले. आवाज आला नाही. नुसती हवा आली, मेणबत्ती विझवताना येते तेवढी.

टिचकीनं त्या चार चिन्हांतलं पहिलं पुसलं, तिथं 'फ' लिहिला, आणि थांबली.